पश्चात्ताप : ख्रिस्ती धर्मातील ‘परत फिरणे’

ख्रिस्ती धर्मविचारातील एक मध्यवर्ती संकल्पना मराठीत ‘पश्चात्ताप’ या शब्दाने ओळखली जाते. कृत्य घडून गेल्यानंतर होणारी मनाची होरपळ, हा या शब्दाचा रूढ अर्थ. बायबलच्या जुन्या करारात मात्र त्यासाठी येणाऱ्या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ ‘परत फिरणे’ असा आहे, तर नव्या करारातील ‘मेटानोइया’ हा ग्रीक शब्द मनाचा पालट सुचवतो. नुसती हळहळ येथे अभिप्रेत नाही.

हा फरक शुभवर्तमानातील दोन शिष्यांच्या कथेत ठळकपणे दिसतो. यहूदाने येशूला पकडून दिले. पेत्राने त्याला तीनदा नाकारले. दुःख दोघांनाही झाले. यहूदाने तर चांदीची नाणीही परत केली; पण निराशेने त्याने जीव दिला. मत्तयाने त्याच्या खेदासाठी ‘मेटानोइया’शी संबंधित क्रियापद न वापरता वेगळेच वापरले आहे. पेत्र रडला आणि परत आला. जकातदार जक्कयाने अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याची तयारी दाखवली. त्याच्या अश्रूंचा उल्लेखही नाही.

परतण्यासाठी वेळ किती, हा पुढचा प्रश्न. मृत्यू आणि अंतिम न्याय यांची घटका कुणालाच ठाऊक नाही, म्हणून सदैव सिद्ध असावे, ही येशूची शिकवण. दहा कुमारिकांच्या दृष्टांतात वराला यायला उशीर होतो, पाच जणींच्या दिव्यांतील तेल सरत येते आणि इतर पाच जणी त्यांना तेल देत नाहीत. वाचकाला हा नकार कठोर वाटतो खरा. परंतु एकाची सिद्धता दुसऱ्याला उसनी देता येत नाही, असाच त्याचा अर्थ परंपरेने लावला आहे. दुसरीकडे, येशूसोबत क्रूसावर खिळलेल्या एका गुन्हेगाराला अखेरच्या तासात क्षमा मिळते.

या क्षमेचा सोयीस्कर अर्थ काढणारेही होतेच. बाप्तिस्म्याने पूर्वीची सारी पापे धुऊन निघतात आणि त्यानंतरच्या गंभीर पापासाठी खडतर, तेही आयुष्यात एकदाच मिळणारे जाहीर प्रायश्चित्त, अशी व्यवस्था असल्याने चौथ्या शतकात अनेक जण बाप्तिस्माच लांबणीवर टाकत. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो ३३७ मध्ये मृत्युशय्येवर घेतला. सम्राट थिओडोसियसला मात्र ही पळवाट उरली नव्हती. ३८० मध्ये गंभीर आजारात बाप्तिस्मा घेऊन तो बरा झाला होता. पुढे ३९० मध्ये थेस्सलोनिका येथे त्याच्या आज्ञेने नागरिकांची कत्तल झाली, तेव्हा मिलानचे बिशप अँब्रोझ यांनी प्रायश्चित्ताखेरीज त्याला पवित्र प्रसाद देण्यास नकार दिला. साम्राज्याचा धनी राजचिन्हे उतरवून चर्चमध्ये सामान्य पाप्यासारखा उभा राहिला.

पुढे आयरिश मठवासीयांनी खासगी आणि पुनःपुन्हा करता येणाऱ्या पापनिवेदनाची रीत युरोपात नेली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी आपल्या ९५ प्रबंधांपैकी पहिल्याच प्रबंधात श्रद्धावंताचे अवघे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे, असे मांडले. एखाद्या विधीपुरते ते राहू नये, हा त्यांचा आग्रह.

कॅथलिक परंपरेत या विचाराचे वार्षिक रूप म्हणजे राखेच्या बुधवारी सुरू होणारा उपवासकाळ. ईस्टरपूर्वीचे, रविवार वगळून, हे ४० दिवस. मुंबई, वसई, गोव्यातील चर्चमध्ये त्या दिवशी भाविकांच्या कपाळावर राखेने क्रूस रेखला जातो. ही राख आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून करतात. माणूस मातीचा आहे आणि मातीतच परतणार, याचे स्मरण धर्मगुरू देतात किंवा पश्चात्ताप करून शुभवर्तमानावर विश्वास ठेवण्यास सांगतात. गंमत अशी, की त्याच दिवशीच्या उपासनेत वाचल्या जाणाऱ्या उताऱ्यात येशू उपवासाचे प्रदर्शन करू नका, तोंड धुऊन वावरा, असे बजावतो.