ठेवणीतले आणि रोजचे : कपडेखरेदीतला जुना हिशेब

लग्न ठरले की बस्ता बांधण्यासाठी नावाजलेल्या दुकानाची पायरी चढायची. एरवी कपडा मिळेल तिथून आणि परवडेल तसा घ्यायचा, ही कोकणातल्या साध्या घरांची जुनी रीत. महाड तालुक्यातील बिरवाडी काय किंवा पोलादपूरकडची डोंगराच्या कुशीतली गावे काय, या भागातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे पोटापाण्यासाठी मुंबईला गेली. गणपतीला गावी परतणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीत कटपीसचे कापड असे. त्यातून मुलांचे सदरे, परकर शिवले जात. थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगावर येई, आणि विरलेल्या लुगड्याचा मधला भाग काढून दोन तुकडे दंड घालून जोडले जात. त्याच घरातल्या ट्रंकेत मात्र एखादे अस्सल रेशमी वस्त्र जपून ठेवलेले असे. ते ठेवणीतले, बाकीचे रोजचे.

महागडे आणि स्वस्त यांचा मेळ घालण्याची जी पद्धत शहरी तरुणाई आज नवी फॅशन म्हणून मिरवते, तिचे मूळ या ट्रंकेत सापडते. फरक बाजाराचा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या अनेक गिरण्यांची धडधड थांबली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात पुढे मॉल उभा राहिला. तेथून काही किलोमीटरवर, आझाद मैदानालगतच्या महात्मा गांधी मार्गावर फॅशन स्ट्रीटचे ठेले आहेत. परदेशी ऑर्डरीतून उरलेला किंवा किरकोळ दोषामुळे नाकारलेला माल, म्हणजेच 'एक्स्पोर्ट सरप्लस', या नावावर हा बाजार वाढला. तिथला प्रत्येक शर्ट खरोखर निर्यातीचा असतो असे समजण्याचे कारण नाही.

वापरलेल्या कपड्यांचा बाजार निराळा, आणि त्याची खरी सूत्रधार बोहारीण. भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार हिंडणाऱ्या या स्त्रिया बहुतांशी गुजरातमधून आलेल्या वाघरी समाजातल्या. साडी उजेडात धरून, काठ बोटांनी चाचपून स्टीलचे पातेले द्यायचे की नुसती वाटी, हे ती क्षणात ठरवते. जमा झालेले कपडे धुऊन, रफू करून, इस्त्री फिरवून पुन्हा विक्रीला जातात. कामाठीपुऱ्याच्या परिसरात त्यांचा बाजार भल्या पहाटे भरतो. पुण्यात जुन्या बाजाराचे वार रविवार आणि बुधवार. अमेरिकेत १९०२ साली बोस्टनमध्ये गुडविल या संस्थेने दान आलेले कपडे दुरुस्त करून विकण्यास प्रारंभ केला आणि त्यातून गरजूंना रोजगार दिला. तिथे अशी दुकाने प्रतिष्ठित झाली. आपल्याकडे बोहारणीशी घासाघीस करणारे घर तिच्याकडचा कपडा विकत घ्यायला मात्र संकोचते.

पैसा खरा वाया जातो तो या दोन टोकांच्या मध्ये. लग्नातल्या मानपानाच्या साड्या हे त्याचे ठळक उदाहरण. ना धड रेशीम, ना धड सुती. नेसण्याजोग्या नसल्याने एका लग्नातून दुसऱ्या लग्नात त्या घडीसकट फिरत राहतात. चारशे रुपयांच्या पंचवीस साड्यांचे दहा हजार होतात. बस्त्यासाठी उसनवारी करणाऱ्या घरात हाच पैसा नवरीच्या एका चांगल्या साडीला लागला, तर ती तिच्या लेकीपर्यंत पोचते. दराचा विचार वापराने भागून करावा : सहा हजारांची साडी तीनदाच नेसली तर एकेका वेळेचे दोन हजार पडले, साठ वेळा नेसली तर शंभर. दीडशे रुपयांचा टॉप एकाच धुण्यात विटला, तर तोच महाग.

म्हणून खर्च करावा तो रेशमावर, चपला-बुटांवर आणि शिलाईवर. ओढण्या, सुती कुडते, जीन्स, मुलांचे कपडे यांत काटकसर खुशाल करावी. जुना शालू विरला तरी त्याचे काठ बहुधा शाबूत असतात. साध्या सुती-रेशमी कापडावर ते लावून घेतले की नव्या भरजरी साडीच्या किमतीचा अंशच खर्च होतो. गुळेदगुडचा खण तर भारी साडीवर स्वस्त असूनही शोभतो.

पारख मात्र हवी. कडेचा एक धागा काढून जाळावा : रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि राख चुरडली जाते, सूत कागदासारखे जळते, पॉलिस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो. अस्सल जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. नखाने खरवडल्यावर तांबे दिसले तर ती 'टेस्टेड' जर. हातमागाच्या पैठणीचा पदर उलट बाजूनेही जवळजवळ सुलटाइतकाच नीट दिसतो. जुन्या कपड्यात काखेची शिवण, चेन आणि कापडाचा विरलेपणा पाहावा. डाग एक वेळ निघतो, विरलेले कापड सावरत नाही. परदेशी मापांच्या आकड्यांवर विसंबू नये, अंगाला लावूनच बघावे. असे कपडे आधी कडक पाण्यातून काढून उन्हात वाळवावेत.

राहिले ठेवणीतल्यांचे जतन. महाडच्या परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि कोंदट हवेत रेशमाला बुरशी धरायला वेळ लागत नाही. जुलै २००५ आणि जुलै २०२१ मध्ये तर महाडच्या बाजारपेठेत आणि घरांत पुराचे पाणी शिरले होते. नदीकाठच्या घरात ट्रंक पलंगाखाली न ठेवता माळ्यावर ठेवणे शहाणपणाचे. साडी प्लॅस्टिकमध्ये न बांधता धुतलेल्या मलमलीत गुंडाळावी. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत, जर काळवंडते. पावसाळा सरल्यावर साड्या सावलीत वाऱ्यावर टाकून घडी बदलावी. वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिलेले रेशीम नेमके त्या रेषेवर तुटते, आणि अशी साडी बोहारीणही वाटीपलीकडे तोलत नाही.