चासीवरून बॉडी उचलताना

लोंढा जंक्शनवर गाडी थांबली की प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला डब्याचा वरचा भागच दिसतो: खिडक्या, दारं, रंग, पाट्या. रुळांच्या बाजूने वाकून पाहिलं तर खाली दुसरीच वस्तू असते. डब्याला स्वतःची चाकं नाहीत. तो दोन चाकगाड्यांवर बसलेला आहे. बोलण्यात आपण अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो, पण कारखान्यातल्या माणसाची बोगी म्हणजे ही खालची चाकगाडी. जुन्या पद्धतीच्या आयसीएफ डब्यात मधला जाड खुंट डब्याला जागेवर धरतो आणि वजन त्याच्या दोन्ही बाजूंच्या आधारांवर पडतं. इथून धारवाड ओलांडून हुबळीला गेलं की रेल्वेचा कारखाना लागतो. सदर्न मराठा रेल्वेने तो १८८५ साली उभारला. तिथे ठरलेल्या मुदतीला डबा येतो, जोडण्या सुटतात, क्रेन डब्याला वर उचलते आणि बोगी खालून ढकलत बाहेर काढल्या जातात.

जुनी मोटार नव्याने उभी करणाऱ्यांच्या जगात याच कामाला फार मान आहे. चासीवरून बॉडी उचलली, एवढं एक वाक्य सांगितलं की ऐकणारा ओळखतो: हा माणूस वरवर रंग मारून थांबणारा नाही. मला त्या मानापेक्षा त्यामागची वंशावळ जास्त मोलाची वाटते. बॉडी उचलता येते, कारण ती कधीतरी वेगळी बनली होती, वेगळ्या हातांनी, बऱ्याचदा वेगळ्या गावात. ती जोड म्हणजे दोन धंद्यांमधली हद्द आहे.

ही हद्द मोटारीपेक्षा खूप जुनी. खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या बैलगाडीत ती सापडेल. वर साटी, खाली आख आणि चाकं. आरे, तुंबा, पुठ्ठे हे सुताराचं काम. धाव चढवायला मात्र लोहार हवा. लोखंडी कडं लालबुंद तापवून चाकावर बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं, म्हणजे ते आकसून सगळ्या पुठ्ठ्यांना आवळून धरतं. साटी कुजली, मोडली, उसाच्या किंवा लाकडाच्या वाहतुकीसाठी तिचा घाट बदलायचा झाला, तर चाकं तीच ठेवून वरचं नवं करता येई. चाकं हा गाडीतला महाग आणि अवघड भाग. वरचं लाकूड हे खर्ची पडणारं. या हिशेबातूनच वरचं आणि खालचं सुटं ठेवण्याची रीत टिकली, असं मी मानतो.

रेल्वेने तोच हिशेब लोखंडात मांडला. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ मध्ये स्थापन झाली आणि त्याच दशकात तिचा मीटरगेज मार्ग लोंढ्यापर्यंत पोचला. दुसऱ्या बाजूने, मुरगावहून घाट चढत, वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे १८८८ मध्ये कॅसलरॉकला येऊन भिडली, आणि लोंढा जंक्शन झालं. त्या काळच्या डब्यांना खाली लोखंडी चौकट असे आणि तिच्यावर लाकडी खोली, बहुधा सागवानाची. लाकूड म्हातारं झालं की जुन्या चौकटीवर नवी खोली बांधायची.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वरचं आणि खालचं सुटं असण्याचा एक फायदा या भागाला कधीच मिळाला नाही. पोलंड आणि बेलारूसच्या हद्दीवर ब्रेस्ट इथे रुळांची रुंदी बदलते; तिथे डबे प्रवाशांसकट वर उचलून खालच्या बोगी बदलल्या जात. आपल्याकडे १९७१ मध्ये पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला, पण मिरजेच्या पुढे बेळगाव, लोंढा, हुबळी मीटरगेजच राहिलं. पुढची दोन दशकं मुंबईहून लोंढ्याला येणारं कुटुंब मिरजेला उतरलं, ट्रंका आणि वळकट्या हमालाच्या डोक्यावर दिल्या आणि पलीकडच्या छोट्या गाडीत बसलं. नव्वदच्या दशकात इकडचे रूळ रुंद झाले तेव्हा हे थांबलं. डबा तोच ठेवून चाकं बदलण्याचं शास्त्र माहीत असूनही बदली माणसांनाच करावी लागली. त्या पिढीचे ते कष्ट नोंदले जावेत असं मला मनापासून वाटतं.

रेल्वेच्या डब्यात ही जोड मिटायला १९५५ साल उजाडलं. मद्रासजवळ पेरांबूरला त्या वर्षी इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली. स्विस आराखड्यावरच्या तिच्या पोलादी डब्यात खालची चौकट, भिंती आणि छप्पर मिळून एकच कवच असतं आणि सगळं कवच भार पेलतं. वेगळी राहिली ती फक्त बोगी.

मोटारीचा प्रवास असाच, फक्त जास्त वळणांचा. सुरुवातीच्या मोटारींच्या चौकटी लाकडाच्याच होत्या, वर लोखंडाच्या पट्ट्यांचा आधार. १९०१ च्या मर्सिडीजमध्ये विल्हेल्म मायबाख या अभियंत्याने दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याची चौकट वापरली, आणि आज आपण जिला चासी म्हणतो तिचं रूप ठरलं. दोन लांब बाजू, मध्ये आडवे तुकडे, आडव्या ठेवलेल्या शिडीसारखी. या मायबाखचा मुलगा कार्ल. त्याच्या कंपनीने १९२१ ते १९४१ या काळात स्वतःच्या मोटारी काढल्या. इंजिन आणि चासी कंपनी बनवायची, बॉडी बहुतेक वेळा राव्हेन्सबुर्गच्या श्पोन या कारागिरांकडे व्हायची. निपाणीहून महामार्गाने थोडं वर गेलं की कोल्हापूर. तिथल्या छत्रपती घराण्याची मेबॅक, म्हणजे मायबाखच, गाडी दरवर्षी सीमोल्लंघनाला दसरा चौकात येते आणि लोक तिला बघायला थांबतात. राजाराम महाराजांच्या काळातली ती गाडी आणि चासीला पहिलं पक्कं रूप देणारा माणूस एकाच घराण्याचं नाव लावतात. आपल्या अंगणातली ही गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही.

श्रीमंतांची गाडी त्या काळात अशीच घेतली जाई. रोल्स-रॉइस नुसती चासी विकायची. बॉडी कुणाकडून, कशी, किती दारांची, हे गिऱ्हाईक ठरवायचं. एकाच चासीला उन्हाळ्यात उघडी आणि थंडीत बंद अशा दोन बॉड्या करवून घेणारे लोकही होते. उलट टोकाला हेन्री फोर्ड. १९१३ मध्ये त्याच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकती जोडणी सुरू झाली, तेव्हा चासी खालून पुढे येई आणि शेवटी तयार बॉडी वरून तिच्यावर उतरे. एका चासीच्या जोडणीला साडेबारा तास लागत, ते वर्षभरात ९३ मिनिटांवर आले. आज गॅरेजमध्ये बॉडी वर जाते तेव्हा नेमकी ही शेवटची पायरी उलटी फिरवली जाते. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये जोडणीचा कारखाना काढला आणि ही पद्धत आपल्या किनाऱ्याला लागली.

तोवर युरोपात चासी नाहीशी करण्याचं काम सुरूही झालं होतं. लान्चाने १९२२ मध्ये लाम्ब्दा दाखवली, तिच्यात बॉडीच भार घेत होती. सित्रोएनने १९३४ मध्ये तीच कल्पना मोठ्या संख्येने विकली. म्हणून आपल्या ओळखीच्या दोन्ही गाड्या, उत्तरपाऱ्याची अँबेसेडर आणि कुर्ल्याची फियाट, या कामाच्या बाहेर पडतात. त्यांच्या खाली सुटी चासी नाहीच. त्यांचा तळ कुजला तर पत्रा कापून नवा जोडायचा, आणि तेवढा वेळ गाडीला खालून नीट टेकू द्यायचा. फियाटची बॉडी उचलली असं कुणी सांगितलं, तर त्याने इंजिन, सस्पेन्शन उतरवून कवच घोड्यांवर ठेवलं, एवढाच अर्थ घ्यावा.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात बॉडी खरोखर उचलली जाते ती जीपची. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीस जीपची जोडणी सुरू केली. त्याआधी लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या जीप लिलावात निघाल्याच होत्या. जंगलखातं, ठेकेदार, मोठे शेतकरी असं करत त्या पश्चिम घाटाच्या या पट्ट्यात मुरल्या. लोंढ्याकडचा पाऊस मात्र कुठल्याही पत्र्याला सोडत नाही. वर रंग दिसतो आणि चासीच्या पोकळीत चिखल साचून आतून गंज चालू असतो. तो बॉडी न उचलता दिसत नाही.

काम कसं होतं ते सविस्तर सांगतो, कारण कस इथे लागतो. आधी फोटो, मग मापं. बॅटरी काढायची. पेट्रोल काढून टाकी उतरवायची. जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. बॉनेट, मडगार्ड, रेडिएटर, सीट. स्टिअरिंगचा दांडा तळाच्या पत्र्यातून खाली जातो, तो सोडवायचा. पेडल, गिअरची दांडी, हँडब्रेकची केबल, वायरिंग. मग बॉडी आणि चासी यांच्यामधले बोल्ट. वर्षानुवर्षांच्या गंजाने ते एकजीव झालेले असतात. तेल पाजून रात्रभर ठेवा, तरी दोन-चार मोडणारच. जीपची उघडी बॉडी मग चार-सहा माणसं हातांनी उचलतात. बंद गाडीची, छताची बॉडी असेल तर आधी दारांच्या चौकटीत आडव्या सळ्या वेल्ड करून मारायच्या, नाहीतर उचलताना मधूनच खचते आणि मग दारं जन्मात लागत नाहीत. चेन पुलीने वीतभर उचलायचं आणि थांबायचं. हात घालून सगळीकडून चाचपायचं: विसरलेली एखादी वायर, अर्थिंगची पट्टी कुठेतरी धरून असतेच.

बॉडी वर गेली की प्रत्येक बोल्टच्या जागी रबराचे, कॅनव्हासचे किंवा पत्र्याचे पॅकिंग सापडतात, कुठे एक, कुठे तीन. नवखा मेस्त्री ते झाडून टाकतो. ते झाडायचे नाहीत. कारखान्यातल्या किंवा नंतरच्या कुण्या कारागिराने त्या विशिष्ट चासीवर ती विशिष्ट बॉडी सरळ बसावी म्हणून ती जाडी ठरवली होती. कुठल्या जागी किती जाडी, हे लिहून ठेवलं पाहिजे. दारांच्या फटी आणि बॉनेटची रेघ त्यावर ठरते. नंतर चासी मोकळी मिळते. तिचे दोन्ही कर्ण दोरी लावून मोजायचे. सारखे आले तर ती चौरस आहे, नाहीतर कधीतरी धडक खाल्लेली. ठोकून ऐकायचं, जिथे आवाज बसका तिथे गंज. सँडब्लास्टिंग, पत्र्याचा तुकडा, रेड ऑक्साइड, रंग. आणि बॉडी परत बसवताना दारं लावून, फटी जुळवून झाल्यावरच बोल्ट शेवटचे आवळायचे.

वेगळं करून पुन्हा बसवण्याची ही रीत केवळ हौशी लोकांची नाही. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला धावली, ती लाकडी बॉडीची. लोंढा, बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतातच होतं, १९५६ पर्यंत. एसटी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या आपल्या कार्यशाळांत चासीवर बॉडी बांधत आली आहे, आणि अलीकडे जुन्या गाड्यांची अॅल्युमिनियमची बॉडी उतरवून त्याच चासीवर पोलादी बॉडी चढवलेल्या गाड्याही रस्त्यावर आल्या. ट्रकचं तर उघडंच आहे. केबिनही नसलेली चासी तोंडाला फडकं बांधून चालवत नेणारा ड्रायव्हर महामार्गाने पाहिला आहे, आणि बोलेरो, थार, स्कॉर्पिओ अजून शिडीच्या चासीवरच उभ्या आहेत.

कायद्याच्या लेखी गाडीची ओळख या खालच्या भागात आहे. चासी नंबर तिथे कोरलेला असतो आणि आरटीओच्या कागदासाठी त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतात. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले: गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी, मूळ रूपात हवी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. अशा गाडीला नव्या नोंदणीसाठी वीस हजार रुपये आणि नंबरात व्हीए ही अक्षरं. तेव्हा बॉडी उचलून, दुरुस्त करून, होती तशी परत ठेवणं आणि चासीच दुसरी आणणं यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या जीपची धड चासी स्वस्तात मिळते, आणि तिचा मोह फार होतो. माझं म्हणणं सरळ आहे: गंजलेला भाग कापा, त्याच जाडीचा पत्रा जोडा, बेळगावच्या उद्यमबागेत त्यासाठी लागणारे हात मिळतील, पण नंबर कोरलेला तो तुकडा ग्राइंडरपासून हातभर लांब ठेवा, त्याचा फोटो आणि पेन्सिलचा ठसा सँडब्लास्टिंगच्या आधी घ्या, आणि पॅकिंगच्या जाडीच्या नोंदीसोबत गाडीच्या कागदांत लावून ठेवा.