धोट्याला लावलेले तोंड

एखादा माणूस कामाला कसा आहे, हे त्याचे काम पाहून ठरते असे आपण धरून चालतो. मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास पाहिला तर बऱ्याचदा क्रम उलटा दिसतो: मत आधी, काम मागाहून, आणि काही जणांच्या बाबतीत काम कधीच नाही. कावसजी नानाभाई दावर यांची पहिली गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत परळ-लालबागचे गिरणगाव उभे राहिले. या गिरण्यांत माणूस लावायचा आणि काढायचा तो जॉबरने. दारात उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाहून, त्याचे गाव आणि जात विचारून, वर दस्तुरी घेऊन जॉबर ठरवी की हा कोणत्या खात्यात शोभेल. रत्नागिरी-साताऱ्याचा मराठा आणि उत्तरेकडचा जुलाहा मुसलमान विणकाम खात्यात जाई. महार कामगार सूत कातायच्या रिंग खात्यात किंवा त्याहून हलक्या कामावर. विणकराला कापडाच्या मापावर पैसे मिळत आणि त्याची कमाई सूत कातणाऱ्यापेक्षा बरीच जास्त असे. म्हणजे जॉबरच्या त्या एका नजरेत एका कुटुंबाचा आयुष्यभराचा पगार ठरून जाई.

अस्पृश्यांना विणकाम खाते बंद होते, याचे उघड सांगितले जाणारे कारण धोटा. साचा, म्हणजे यंत्रमाग, चालू असताना धोट्यातली सुताची कांडी काही मिनिटांत संपते. विणकर साचा थांबवतो, धोटा काढतो, नवी कांडी बसवतो, धोट्याच्या कडेच्या भोकाला ओठ लावतो आणि श्वास आत ओढतो. सुताचे टोक बाहेर येते, सोबत थोडा कापसाचा तूसही तोंडात जातो. तोच धोटा पुढच्या पाळीत किंवा बदलीच्या दिवशी दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून महाराने तो उष्टावलेला चालणार नाही, असे सवर्ण विणकरांचे म्हणणे. लँकेशायरच्या गिरण्यांतही ओढायची हीच रीत होती, पण तिथे ती जातीचा नव्हे, आरोग्याचा प्रश्न झाली.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हा विटाळाचा प्रश्न होता, कुवतीचा नव्हे. महाराला विणता येत नाही असे कोणी म्हणत नव्हते, मग याला माणसाच्या पारखीचा दोष कसा म्हणायचा? पण व्यवहारात या दोन गोष्टी वेगळ्या राहत नाहीत. ज्याला साच्याजवळ उभेच राहू दिले नाही, त्याच्या हाताला ते वळण लागत नाही. वळण नाही म्हणून दहा वर्षांनी तो खरोखरच नवशिका ठरतो, आणि तेव्हा नकाराला जातीचे नाव घ्यायचीही गरज उरत नाही. पूर्वग्रह आपला पुरावा असा स्वतःच तयार करतो. शिवाय विदर्भात हातमागावर जाडेभरडे कापड विणणे हा अनेक महार कुटुंबांचा पिढीजात धंदा होता. घरी मागावर बसणारी जात मुंबईच्या साच्यावर मात्र अपात्र, ही विसंगती कोणाला खटकल्याचे दिसत नाही.

दुसरा बचाव मालकांचा. १९२८ सालच्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात अस्पृश्यांना विणकाम खाते खुले करा ही मागणी बाबासाहेब आंबेडकरांनी लावून धरली. ती घेतली नाही तर अस्पृश्य कामगारांनी संपात राहू नये असे सांगेन, एवढी त्यांची तयारी होती. संपाच्या पुढाऱ्यांनी ती काहीशा नाइलाजानेच मागण्यांत घातली. मालकांचे उत्तर असे की अन्याय आहे खरा, पण तो आमचा नाही, कामगारांचा आपसातला आहे. उत्तर सोयीचे होते. तोंड न लावता सूत ओवता येईल असे धोटे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाले होते, आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच तोंडाने ओढायच्या धोट्यावर कायद्याने बंदी घातली होती. नवे धोटे घ्यायला पैसा लागला असता, हे मान्य. पण अडचण लाकडाच्या एका तुकड्याची असती तर निदान एका खात्यापुरता तो बदलून पाहता आला असता. जॉबर आपली माणसे भरी, त्यात जातीचा प्रश्न कुठे, असेही म्हणता येईल. नात्यागोत्याची ओढ होतीच. मात्र एका गिरणीतल्या एका जॉबरच्या गोतावळ्याने शहरभरच्या गिरण्यांतले तेच एक खाते बंद का राहिले, हे उलगडत नाही.

शाही श्रम आयोगाने १९३१ साली नोकरभरती जॉबरच्या हातून काढून घ्या असे सांगितले. शिफारस योग्य होती, पण दारावरच्या लाचेपुरती. आत गेल्यावर कोण कोणत्या खात्यात, याचा निवाडा सोबत काम करणाऱ्यांच्या मनात आधीच झालेला असे. या निवाड्याची दुसरी बाजू १९२९च्या संपात दिसली. या वेळी आंबेडकरांनी संपाला विरोध केला. आदल्या वर्षीच्या उपासमारीतून आणि कर्जातून त्यांची माणसे अजून वर आलेली नव्हती. त्यांच्यातले जे कामावर गेले त्यांच्यावर संपफोडेपणाचा शिक्का बसला. तो मारणाऱ्यांत त्यांना आपल्या साच्याजवळ फिरकू न देणारे विणकरही होते.