झाडबेडकांच्या नावातले राव

पश्चिम घाटात पावसाळी रात्री झुडपांतून टिकटिकणाऱ्या चिमुकल्या झाडबेडकांच्या एका मोठ्या गटाला शास्त्रीय परिभाषेत 'राओर्केस्टिस' म्हणतात. एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी हे नाव २०१० मध्ये 'करंट सायन्स'मधून दिले. सहलेखकांत पुण्याचे योगेश शौचे होते. नावातले 'राव' म्हणजे सी. आर. नारायण राव, बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आणि १९३२ मध्ये निघालेल्या त्याच 'करंट सायन्स'चे पहिले संपादक. हा योग निव्वळ योगायोग नसावा.

कावेरी नदी कोडगूतील ज्या ब्रह्मगिरीत उगम पावते, तिथल्या एका बेडकाला रावांनी १९२० मध्ये 'सँक्टिपॅलस्ट्रिस', म्हणजे 'पवित्र दलदलीतला', असे नाव दिले. १९३७ मध्ये दक्षिण भारतातील आणखी अनेक बेडकांची वर्णने त्यांनी प्रसिद्ध केली. पुढे मूळ नमुने मात्र हरवले.

ही हानी केवढी, ते माझ्या विषयातील, भौतिकशास्त्रातील, उदाहरणाने सांगतो. २०१९ पर्यंत किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळ जपलेल्या एका धातूच्या ठोकळ्यावर उभी होती. जीवाच्या शास्त्रीय नावामागेही असाच एक जपलेला नमुना असतो. शंका आली की त्याच्याशी ताडून पाहायचे. तो गेला की नाव अधांतरी राहते. रावांच्या बेडकांचा निदान पत्ता छापील होता. त्याचा माग काढत संशोधक पुन्हा जंगलात शिरले आणि २०११ मध्ये ब्रह्मगिरीचा तो बेडूक ९१ वर्षांनी, तर हासन जिल्ह्यातील केंपहोळेचा सुमारे ७५ वर्षांनी पुन्हा नोंदला गेला. दोघेही अर्थात झाडावरचे नव्हेत, ओढ्याकाठचे रातबेडूक.

झाडबेडकांना पत्ता अधिकच घट्ट बांधून ठेवतो. राओर्केस्टिसच्या पिल्लांना टॅडपोल होऊन पाण्यात पोहावे लागत नाही. अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर पडतो. तळे नसले तरी चालते, ओलावा मात्र ढळता कामा नये. २०१० च्या त्याच निबंधातली 'रेस्प्लेंडन्स' ही जात केरळच्या अनैमुडीवर, २,६९५ मीटर उंचीच्या शिखराच्या परिसरात, राहते; तीही झाडबेडकांच्या कुळातली असून जमिनीलगत!

याच गटातला 'बॉम्बेएन्सिस' ॲनंडेल यांनी १९१९ मध्ये नोंदवला. नावावर भिस्त ठेवून त्याचा मूळ मुलूख मुंबईत शोधू नये. नमुना कॅसल रॉकचा होता, उत्तर कन्नड जिल्ह्यातला. तो जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, इतकेच.