धनुषची नळी आणि मिलिमीटरचा हिशेब

जुने स्वयंचलित पिस्तूल वारंवार अडकू लागले, की जाणता कारागीर लगेच कानस उचलत नाही. आधी काडतुसे बदलून पाहतो, मग मॅगझिन, मग स्प्रिंग; एका वेळी एकच गोष्ट. अशा पिस्तुलात गोळी सुटतानाचा धक्काच पुढचे काम करतो. त्याच्या जोरावर स्लाइड मागे जाते, रिकामे टरफल बाहेर पडते आणि स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलताना नवे काडतूस नळीत सरकते. स्प्रिंग शिणली, दारू दमली किंवा टरफल ओढणारी आकडी झिजली, तरी वरून दिसणारे लक्षण बहुधा एकच असते.

हीच अडचण 155 मिलिमीटरच्या तोफेत उभी राहिली ती जबलपूरच्या वाट्याला. येथे दीक्षितपुऱ्यापासून सदरपर्यंत ‘जीसीएफ’ एवढे म्हटले तरी पुरते. गन कॅरेज फॅक्टरी 1904 सालची. नावाप्रमाणे तोफगाडे करणारी. 24 मार्च 1986 रोजी भारताने बोफोर्सच्या 410 तोफांचा करार केला. पुढच्या राजकीय वादळात तोफांबरोबर मिळालेल्या तंत्रज्ञानाचा विषय मागे पडला आणि त्या आराखड्यांवरून देशी तोफ घडवण्याचे काम दोन दशकांहून अधिक काळाने हाती आले. मूळ नळी 39 कॅलिबरची होती, म्हणजे लांबी व्यासाच्या 39 पट. ‘धनुष’ची 45 कॅलिबर, जवळजवळ सात मीटर.

या लांबीची किंमत भौतिकशास्त्र वसूल करते. सुमारे 43 किलोचा गोळा सेकंदाला 800 मीटर वेगाने सुटला, तर त्याचा संवेग 34,400 किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद होतो. सुमारे 13 टनांची तोफ पूर्ण मोकळी असती, तर केवळ एवढ्यानेच ती सेकंदाला अडीच मीटरहून अधिक वेगाने मागे गेली असती; वायूंचा धक्का वेगळाच. तो कमी करण्यासाठी नळीच्या तोंडाशी मझल ब्रेक बसवतात. त्याच्या भोकातून गोळा स्पर्श न करता जावा लागतो. नळी किंचित झिजलेली, गोळ्याभोवतीचा तांब्याचा पट्टा असमान, किंवा ब्रेकचा अक्ष नळीच्या अक्षाशी जुळलेला नसला, की गोळा डगमगतो आणि ती थोडीशी जागाही उरत नाही.

2013 मध्ये चाचणीत एक नळी फुटली. 2017 मध्ये गोळा मझल ब्रेकला धडकला. त्याच वर्षीच्या जुलैत सीबीआयने वेगळाच गुन्हा नोंदवला: जर्मन म्हणून पुरवलेली बेअरिंगे प्रत्यक्षात चिनी होती, आणि मापात फरक असूनही ती स्वीकारली गेली, असा आरोप. वाचकांच्या मनात दोन्ही बातम्या साहजिकच एकत्र झाल्या. मला ही घाई पटत नाही. अशी बेअरिंगे जड भाग डगमग न होता फिरवण्यासाठी असतात; त्यांतील ढिलाई नेम बिघडवील. गोळा ब्रेकला लागण्याचे कारण मात्र आधी नळी, गोळा आणि ब्रेक यांच्या एका रेषेत शोधले पाहिजे. मापातील तफावत ‘अपवाद’ म्हणून स्वीकारण्याचा आरोप मला तरीही गंभीर वाटतो, तो आणखी एका कारणाने. तोफेत दोष उद्भवल्यावर प्रत्येक सुटा भाग आराखड्याबरहुकूम आहे, हे गृहीत धरूनच तपास पुढे सरकतो. ते गृहीतच डळमळले, तर संशयितांची यादी संपत नाही.

पिस्तुलाची काडतुसे टेबलावर बदलून पाहता येतात. येथे प्रत्येक प्रयोगासाठी पोखरणचे वाळवंट गाठावे लागते, आणि प्रयोग फसला तर सात मीटरची नळी हातची जाते. जून 2018 मध्ये सहा तोफांनी तेथे एका तुकडीसारखा एकत्र मारा केला. 8 एप्रिल 2019 रोजी जबलपुरात पहिल्या सहा ‘धनुष’ सैन्याच्या हाती आल्या. मागणी 114 तोफांची होती.