दारावरची पाटी

फराळाचे ताट शेजारी ठेवून वाचायच्या अंकात शौचालयाचा विषय काढणे शिष्टसंमत नाही, याची मला जाणीव आहे. आमच्या आजीच्या काळी या क्रियेला धड नावही नव्हते. माणसे 'परसाकडे' जात, आणि परतल्यावर हातावर पाणी घालणाऱ्याखेरीज कोणाला त्याची वार्ता नसे. परंतु इतिहास शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला एक खोड जडते. ज्या गोष्टीविषयी चारचौघांत बोलायचे नसते, तिथेच समाजाने आपले खरे नियम लपवून ठेवलेले असतात, असा त्याचा ग्रह होऊन बसतो. माझा तसा झाला आहे, आणि त्याला एक प्रसंग कारण आहे.

2013 चा पावसाळा. एका तालुक्याच्या गावी मोटारस्टँडवर मी सामान सांभाळीत उभा होतो. सून आत गेली होती. स्वच्छतागृहाला दोन दारे, दोन्हींच्या मधे टेबल टाकून पैसे घेणारा इसम. तेवढ्यात हिरवी नायलॉनची साडी, केसांत गजरा आणि हनुवटीवर दाढीची निळसर छटा असलेली एक व्यक्ती आली. ज्यांना आपण आता तृतीयपंथी म्हणतो, त्यांपैकी एक. तिने टेबलावर नाणे ठेवले आणि बायकांच्या दाराकडे वळली. "इकडं न्हाई, तिकडं," तो इसम म्हणाला. ती मुकाट्याने पुरुषांच्या दाराकडे गेली. आतून शीळ ऐकू आली, कोणीतरी मोठ्याने हसले, आणि ती तशीच माघारी आली. नाणे टेबलावरच राहिले. ती स्टँडच्या मागे, उसाच्या शेताकडे निघून गेली.

मी काही बोललो नाही. खरे सांगायचे तर त्या इसमाने योग्य तेच केले, असे त्या क्षणी मला वाटले. सून आत होती ना! गाडीत बसल्यावर मी तिला हे सांगितले. ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, मला भीती वाटली ती दाराला आतून कडी नव्हती त्याची. एका हाताने दार धरून बसले होते."

ही कडी माझ्या डोक्यात राहिली.

पुढे 2016 च्या वसंतात मी मुलाकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहरी होतो. तिथे पोचलो तो सारे गाव याच विषयावर भांडत असलेले. 22 फेब्रुवारी रोजी शार्लटच्या नगरपरिषदेने 7 विरुद्ध 4 मतांनी एक ठराव केला होता. जन्मदाखल्यावर एक नोंद असली तरी स्वतःला दुसरीच व्यक्ती मानून तसे जगणारे जे स्त्रीपुरुष असतात, त्यांना भेदभावापासून संरक्षण द्यावे आणि त्यांच्या जगण्याला अनुसरून स्वच्छतागृह वापरू द्यावे, असा त्याचा आशय. राज्याच्या विधिमंडळाला हे खपले नाही. 23 मार्चला एक दिवसाचे खास अधिवेशन भरवून विधेयक मांडले, चर्चिले, संमत केले, आणि त्याच रात्री गव्हर्नरांनी त्यावर सही केली. शाळांत आणि सरकारी इमारतींत ज्याने त्याने जन्मदाखल्यावरच्या लिंगाप्रमाणेच दार निवडावे, असा हुकूम झाला. नगरपालिकेच्या नळाची तक्रार वर्षभर पडून राहिलेली ज्याने पाहिली आहे, अशा माणसाला या तत्परतेचे कौतुक वाटल्यावाचून राहात नाही.

शेजारी एक बाई राहात. दोन शाळकरी मुलींची आई, स्वभावाने मायाळू. आम्हांला घरचा केक आणून देत. त्या मला समजावून सांगत, "माझा त्या लोकांवर राग नाही. पण उद्या कोणीही पुरुष उठेल, मी बाई आहे म्हणेल आणि मुलींच्या मागोमाग आत शिरेल. त्याला अडवायचे कोणी?" या प्रश्नाची थट्टा करणारे पुष्कळ भेटले. मला ती करता आली नाही. स्टँडवर मी वेगळे काय वाटून घेतले होते? मात्र कायद्याचा दुसरा परिणाम बाईंच्या ध्यानात आला नव्हता. जन्मदाखल्यावर स्त्री म्हणून नोंद झालेली, पण वर्षानुवर्षे पुरुष म्हणून राहणारी, दाढीमिशा वाढलेली माणसे त्या राज्यात होतीच. कायदा त्यांना बायकांच्या दारातून आत जायला सांगत होता. आणि दाराशी जन्मदाखला तपासायचा कोणी, हे कायद्याने सांगितलेच नव्हते.

पुढचे सारे वर्तमानपत्रांत आले. गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने ग्रीन्सबरोचा कार्यक्रम रद्द केला. पेपॅल कंपनीने शार्लटमधल्या 400 नोकऱ्यांचा बेत सोडला. बास्केटबॉलचा 2017 चा मोठा सामना न्यू ऑर्लिन्सला गेला. एका वृत्तसंस्थेने राज्याचे बारा वर्षांतले नुकसान 376 कोटी डॉलर होईल असा हिशेब मांडला. नोव्हेंबरच्या निवडणुकीत गव्हर्नर सुमारे दहा हजार मतांनी पडले, आणि 30 मार्च 2017 रोजी तो हुकूम मागे घेण्यात आला. पण शहरांनी असे ठराव 1 डिसेंबर 2020 पर्यंत करू नयेत, अशी पाचर मारूनच!

मला मात्र पैशाच्या हिशेबापेक्षा एका जुन्या प्रश्नाने घेरले. ही दोन दारे आली कोठून? शेजारच्या बाई तर अशा बोलत, जणू परमेश्वराने आदामाबरोबरच ती घडवली. गावातले ग्रंथालय सुरेख होते, आणि मला दुसरा उद्योग नव्हता.

अमेरिकेत कायद्याने वेगळे दार प्रथम आले ते 1887 साली, मॅसॅच्युसेट्स राज्यात. कारखान्यांत आणि कार्यशाळांत बायकांसाठी निराळे शौचकूप असावेत, असा तो कायदा. 1920 पर्यंत चाळीसहून अधिक राज्यांनी त्याचा कित्ता गिरवला. या कायद्यामागे दोन विचार हातात हात घालून उभे होते. बाई ही नाजूक, तिची खरी जागा घरी, कारखान्यात तिच्यासाठी घराचा एक कोपरा निर्माण करावा, हा विधिमंडळातल्या सद्गृहस्थांचा विचार. आणि दिवसभर यंत्रावर उभे राहणाऱ्या बाईला खरोखरच आडोसा हवा होता, ही गिरणीतली वस्तुस्थिती. पहिल्या विचाराला आज आपण हसतो. दुसरीला हसण्याचे कारण नाही.

जिथे तो आडोसा नव्हता तिथे तो मिळवताना काय यातायात पडे, ते आपल्या परिचयाचे नाटककार बर्नार्ड शॉ यांनी पाहिले होते. ते लंडनच्या सेंट पँक्रस विभागाचे लोकप्रतिनिधी होते. 1900 साली कॅम्डेन टाउनच्या पार्क स्ट्रीटच्या तोंडाशी बायकांसाठी स्वच्छतागृह बांधायचे ठरले. रहिवाशांनी गिल्ला केला: घरांच्या किमती उतरतील, रहदारीला अडथळा होईल. अजमावण्यासाठी लाकडाचा एक नमुना चौकात उभा केला, तर येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या त्यावर येऊन आदळू लागल्या! पुरुषांसाठी रस्त्यावर सोय होती; तिच्यावर कोणी गाडी घातली नव्हती. शॉ यांनी 1909 साली हा सारा प्रकार लिहून ठेवला आणि स्त्रियांना मताचा हक्क का हवा याचे एक कारण म्हणून तो पुढे केला.

म्हणजे वेगळे दार ही बायकांची कमाई होती. आता दुसरे वेगळे दार पाहा. अमेरिकेच्या दक्षिणेत कित्येक ठिकाणी दोन नव्हे, तीन पाट्या असत: गोरे पुरुष, गोऱ्या स्त्रिया आणि 'काळे'. तिसऱ्या दाराआड स्त्री की पुरुष हा विचार करण्याचेही कारण पडत नसे. तेच लोण उत्तरेकडेही होते. 1943 च्या डिसेंबरात, ऐन महायुद्धात, बाल्टिमोरच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कारखान्यात गोऱ्या कामगारांनी संप केला. मागणी पगाराची नव्हती. काळ्या कामगारांबरोबर एकच शौचालय वापरणार नाही, एवढीच होती. रोग लागतील, असे कारण सांगितले गेले. लष्कराला लागणारे साहित्य तिथे होत असल्यामुळे अखेर सैन्याने कारखाना ताब्यात घेतला. त्या पाट्या कायद्याने उतरायला 1964 साल उजाडले.

सत्तरीच्या दशकात तीच भीती तिसऱ्या रूपाने आली. स्त्रीपुरुषांना समान हक्क देणारी घटनादुरुस्ती 1972 मध्ये अमेरिकन काँग्रेसने संमत केली आणि राज्यांकडे पाठवली. फिलिस श्लाफ्ली या बाईंच्या पुढारपणाखाली जी विरोधाची चळवळ उठली, तिच्या भात्यात एक बाण असा होता की, उद्या शौचालये सामाईक होतील. 38 राज्यांची संमती लागत होती. 1982 ची मुदत टळली तेव्हा 35 च हाती होती. सगळा दोष त्या एका बाणाचा नव्हे, पण तो लागला हे खरे.

हे वाचताना मला एक गोष्ट हळूहळू उमगली, आणि शेजारच्या बाईंना ती नीट सांगता आली नाही याची रुखरुख आहे. भिंत तीच, वीटही तीच. पण गिरणीतल्या बाईला ती हवी होती, आणि दक्षिणेतल्या काळ्या माणसासमोर ती दुसऱ्याने उभी केली होती. म्हणून नवी पाटी लावताना ती कोणी मागितली, हे मी आधी विचारतो. बाईंची भीती मी खोटी मानीत नाही. पण ती ज्याची होती तो माणूस, म्हणजे वाईट हेतूने आत शिरणारा पुरुष, पूर्वीही गुन्हेगारच होता आणि नंतरही राहिला. पारलिंगी माणसांना दार खुले करणाऱ्या मॅसॅच्युसेट्सच्या गावांची तशी नियमावली नसलेल्या गावांशी तुलना करून 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वच्छतागृहांतल्या गुन्ह्यांचा त्या नियमांशी संबंध आढळला नाही. त्याच वर्षी त्याच राज्यात, म्हणजे जिथे 1887 चे पहिले दार बसले तिथे, असा कायदा ठेवावा की काढावा यावर सार्वमत झाले. सुमारे 68 टक्के लोकांनी ठेवावा म्हटले.

एवढ्याने वाद मिटला असे मात्र नव्हे. फ्लोरिडाने 2023 साली नॉर्थ कॅरोलायनापेक्षाही कडक कायदा केला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये समानतेच्या कायद्यातला 'स्त्री' हा शब्द जन्मजात लिंगापुरता आहे असा निर्वाळा दिला. आणि 2024 च्या नोव्हेंबरात सेरा मॅकब्राइड या पहिल्या पारलिंगी प्रतिनिधी डेलावेअरमधून निवडून येताच, त्यांनी शपथ घेण्यापूर्वीच, सभापतींनी संसदभवनातली दारे जन्मलिंगाप्रमाणे ठरवून टाकली. गंमत अशी की, त्याच प्रतिनिधिगृहात पहिली स्त्री 1917 साली बसली होती, आणि सभागृहालगत बायकांचे स्वच्छतागृह झाले ते 2011 साली. चौऱ्याण्णव वर्षे हा प्रश्न तातडीचा वाटला नव्हता.

आपल्याकडे वाद वेगळ्या वाटेने गेला. 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने इंग्रज सरकारने उत्तर हिंदुस्थानातल्या हिजड्यांची नोंदवही केली आणि बायकी वेषात रस्त्यावर दिसणे हाच गुन्हा ठरवला. ज्याने रस्त्यावर यायचे नाही, त्याला रस्त्यावरचे दार कशाला? 15 एप्रिल 2014 रोजी न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांनी तृतीयपंथीयांना स्वतःचे लिंग स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. त्या खटल्यात आपल्या ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीही दाद मागितली होती. सरकारांनी त्यांच्यासाठी वेगळी सार्वजनिक स्वच्छतागृहे बांधावीत, असा आदेशही त्यात आहे. 2017 मध्ये केंद्राच्या स्वच्छता अभियानाने ग्रामीण भागासाठी सूचना काढली की, सार्वजनिक शौचालयात त्यांना हवे ते दार, पुरुषांचे किंवा बायकांचे, वापरू द्यावे. म्हणजे एक हुकूम तिसऱ्या दाराचा आणि दुसरा दोहोंपैकी कोणत्याही. तिसरे दार म्हटले की मला दक्षिणेतली ती तिसरी पाटी आठवते. पण पुरुषांच्या दारातली शीळही आठवते. ती ऐकलेल्या माणसाने स्वतःचे दार मागितले, तर त्याला नको म्हणणारा मी कोण?

गेल्या वर्षी त्याच मोटारस्टँडवर उतरलो. इमारत नवी, फरशी चकचकीत. बायकांच्या दारांना आतून कड्या आहेत का, हे सुनेने आधी पाहून घेतले, आहेत. शेवटी तिसरे दारही होते, पाटीसकट. त्याला कुलूप. टेबलावरच्या पोराला किल्ली विचारली, तर म्हणाला, "आत खराटे अन् फिनेलचे कॅन ठेवलेत, आजोबा."

"मग ती माणसे कुठे जातात?"

त्याने माझ्याकडे पाहिले आणि मानेनेच स्टँडच्या मागची बाजू दाखवली. ऊस नुकताच तुटून गेला होता.