हू, हूम, व्हिच की दॅट? औपचारिक इंग्रजीत नेमके काय लिहावे

मराठीत जो, जी, जे लिंगानुसार बदलतात. इंग्रजीत लिंग नाही, माणूस की वस्तू ते बघा: माणसासाठी 'हू', वस्तूसाठी 'व्हिच'.

हू की हूम?
'ज्याने' असेल तिथे 'हू', 'ज्याला' असेल तिथे बहुतेक वेळा 'हूम'. पण 'ज्याला भूक लागली' याचे इंग्रजी 'हू'नेच होते. खात्रीसाठी त्या जागी 'ही' किंवा 'हिम' ठेवून पाहा. 'हिम' बसले तरच 'हूम'.

व्हिच की दॅट?
'जालना डिस्ट्रिक्ट, व्हिच वॉज फॉर्म्ड इन १९८१': जालना जिल्हा एकच, त्यामुळे ही केवळ जादा माहिती. इथे स्वल्पविराम आणि 'व्हिच'. अनेकांतून नेमकी वस्तू दाखवायची असेल तर स्वल्पविरामाशिवाय 'दॅट'.

स्वल्पविराम का महत्त्वाचा?
समजा, जालन्यातील मोसंबी बागायतदारांसाठी अर्ज लिहायचा आहे. 'फार्मर्स हू लॉस्ट देअर ऑर्चर्ड्स नीड हेल्प' म्हणजे ज्यांच्या बागा गेल्या, त्यांना मदत हवी. 'फार्मर्स' आणि 'ऑर्चर्ड्स'नंतर स्वल्पविराम दिले, की सगळ्यांच्याच बागा गेल्या असा अर्थ होतो. अर्ज पाठवण्याआधी एवढे नक्की तपासा.